आकृती तीनमधली तुटक रेघ

दारिका : आधी फोन टेबलावर ठेवा. असा पालथा नाही, तोंड वर करून.

जोल्दोश : बंदच आहे हो.

दारिका : बंद असेल तर ठेवायला काय हरकत आहे? मागच्या महिन्यात असाच एक जण आला होता, मावशीला कावीळ झालीय म्हणून. त्याच्याशी काय बोलले ते दुसऱ्या दिवशी तुर्सुनालीएवला तोंडपाठ!

जोल्दोश : कोण हा तुर्सुनालीएव?

दारिका : याच मजल्यावर बसतो, जिन्यापाशी, माझ्या वाईटावर टपून. तुम्हाला माहीत नाही?

जोल्दोश : अहो डॉक्टर, मी चोलोक-सू खोऱ्यातला गुरांचा डॉक्टर. नाव सांगितलं ना, जोल्दोश. उजाडायच्या आत गाडी काढली, आत्ता कुठे बिश्केकमध्ये पोचतोय. तुमच्या मजल्यावर कोण कुठे बसतं याच्याशी मला काय घेणं?

दारिका : चोलोक-सू. म्हणजे नेमकं माझ्या लेखातलं खोरं. आणि येताय कधी, तर सोमवारी मला अकादमीत घ्यायचं की नाही यावर मतदान आहे तेव्हा. मी काय दुधखुळी आहे?

जोल्दोश : मतदान तुमचं असेल. माझी आई मरायला टेकलीय.

दारिका : ...बसा. चहा घ्या. चहात घालायला दूध आहे, मीठ आहे. निदान पाव तरी मोडा.

जोल्दोश : नको. ज्याच्यावर माझा राग आहे त्याच्या घरचा पाव मी मोडत नाही.

दारिका : हे बरं आहे! तीन जिने चढून आलात, ओळख ना पाळख, आणि राग? मी काय केलंय तुमचं?

जोल्दोश : सांगतो. काल बाइकेचा फोन आला, माझ्या थोरल्या भावाचा. म्हणाला, आपा जेवत नाही, आईला पाणीही चमच्यानं पाजतोय. एकच घोकत असते, धाकटा आला का, धाकटा आला का. मी शेंडेफळ तिचं. आणि तीन महिने झाले, मी तिच्या उंबऱ्यात पाय ठेवलेला नाही. एकाच गावात राहून! आता जायचं की नाही ते तुम्ही सांगायचं.

दारिका : मी? मी काय मुल्ला आहे का?

जोल्दोश : गेलो नाही ते तुमच्यामुळेच. हा लेख तुमचाच ना? वर नाव तुमचंच आहे.

दारिका : कुठून मिळाला तुम्हाला?

जोल्दोश : मिळायला काय? इंटरनेटवर पडलाय फुकट. आमच्या दवाखान्यातल्या नर्सनं दाखवला. फिदीफिदी हसत दाखवला.

दारिका : त्यात हसण्यासारखं काही नाही. यकृताचा आजार आहे तो, आईबापांकडून मुलांत येतो. त्या लेखामुळे तुमच्या खोऱ्यात लग्नाआधीची रक्ततपासणी सुरू झाली. पोरं वाचलीत त्यानं, हे कुणी सांगत नाही.

जोल्दोश : वाचलीत. मी नाही कुठे म्हणतोय? माझ्या बहिणीचा नातू वाचला. पण शेवटच्या पानावर एक वाक्य आहे, ते मी पाठ केलंय. 'तपासलेल्या दर पाच मुलग्यांमागे एकाचं रक्त त्याच्या सांगितलेल्या बापाशी जुळत नाही. खरा बाप बहुधा त्याच घरातला दुसरा पुरुष असावा.' हे तुम्हीच लिहिलंत?

दारिका : ते ओघात आलं. मूळ विषय तो नव्हे.

जोल्दोश : नर्स म्हणाली, जगभर तेवढंच फिरतंय.

दारिका : आता लोक काय उचलतात त्याला मी काय करणार? सहाशे बारा लेखांनी माझा दाखला दिलाय. आपल्या देशात एवढा कुणाचाच दिलेला नाही. त्यातल्या निम्म्यांनी त्या एका वाक्यासाठी दिलाय, हे कबूल. तुर्सुनालीएव तेच म्हणत फिरतो, बाईनं आजारावर नाही, भानगडीवर नाव कमावलं. तुम्हीही त्याचंच बोलताय, म्हणून विचारतेय.

जोल्दोश : सहाशे बारा! म्हणजे सहाशे बारा लोकांनी माझ्या आईचा बोभाटा केलाय.

दारिका : लेखात कुणाचंही नाव नाही.

जोल्दोश : नाव नाही, पण चित्र आहे ना? ही आकृती तीन. पाच वर्तुळं, म्हणजे मुली. त्यातली दोन एका देठाला, म्हणजे जुळ्या. एक चौकोन, थोरला मुलगा. आणि पार टोकाला आणखी एक चौकोन, शेंडेफळ. अख्ख्या खोऱ्यात जुळ्या मुली एकाच घरात आहेत. शेंबडं पोरगंही सांगेल घर कुणाचं ते! आणि या टोकाच्या चौकोनाला बापाकडून आलेली रेघ बघा. तुटक.

दारिका : हे तुमचंच घर आहे असं मी म्हटलेलं नाही.

जोल्दोश : नाही असंही म्हणत नाही आहात.

दारिका : मला निकाल सांगता येत नाही. कुणालाच नाही. तसं लिहून दिलंय आम्ही रक्त घेताना.

जोल्दोश : वा! माझं नाव झाकलंत, माझ्या आईची अब्रू उघड्यावर टाकलीत, आणि आता मला सांगायला नियम आडवा येतो. मी घोड्यांच्या वंशावळी लावतो डॉक्टर, मला ही रेघ कळते. बापाचं निम्मं पोरात उतरायलाच हवं. नाही उतरलं तर घोडा दुसरा. आता सांगा, तो दुसरा घोडा कोण? माझा चुलता? आमच्याकडं उन्हाळाभर राहायचा तो मामेभाऊ? तीन महिने मी एकेकाच्या तोंडाकडं बघतोय, कुणाचं नाक माझ्यासारखं आहे म्हणून. परवा एका म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, तर वाटलं, हाच तर नसेल? लाज वाटते मला स्वतःची!

दारिका : आईला विचारलंत?

जोल्दोश : कोणत्या तोंडानं विचारू? चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला?

दारिका : किती?

जोल्दोश : चौऱ्याऐंशी.

दारिका : आणि तुम्ही?

जोल्दोश : छत्तीस. का?

दारिका : अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झालात तुम्ही.

जोल्दोश : झालो. आमच्याकडच्या बायका कणखर असतात. म्हणून तर एवढा लाडका. दहा वर्षांचा घोडा झालो तरी तिच्याच कुशीत झोपायचो. बाइकेची पोरं बिचारी कोपऱ्यात, आणि मला लोणी.

दारिका : बाइके किती मोठा तुमच्यापेक्षा?

जोल्दोश : एकवीस वर्षांनी. पण तुम्ही आता माझी उलटतपासणी का घेताय? प्रश्न मी विचारायला आलोय.

दारिका : त्याचं रक्त आम्ही घेतलं नव्हतं. चौकोन कोरा आहे त्याचा.

जोल्दोश : तुम्ही आलात भर उन्हाळ्यात. तेव्हा बाइके मेंढरं घेऊन वर कुरणावर होता. सगळ्यांचीच कर्ती माणसं वर होती. गावात कोण, तर म्हातारे आणि माझ्यासारखे नोकरदार. आणि बायका. पण बायकांच्या हाताला तुम्ही सुई लावलीच नाही.

दारिका : पैसे कमी होते. बापाकडची साखळी बघायची होती, म्हणून पुरुषांचंच घेतलं. बाइकेचं लग्न कधी झालं?

जोल्दोश : मी जन्मलो त्याच्या आदल्या वर्षी. असं घरात सांगतात.

दारिका : आणि त्याचं पहिलं मूल?

जोल्दोश : आयझान. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

दारिका : म्हणजे लग्नानंतर तीन वर्षं तुमच्या जेनेला मूल नाही. भावाच्या बायकोला तुम्ही जेनेच म्हणता ना?

जोल्दोश : मग काय म्हणणार?

दारिका : तीन वर्षं नव्या सुनेची कूस रिकामी, आणि चोलोक-सूमध्ये कुणी चकार शब्द काढला नाही? माझ्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत सासूबाई ताईत घेऊन आल्या होत्या, आणि मी तेव्हा पीएचडी करत होते! तुमच्या जेनेला कुणी टोमणा मारल्याचं ऐकलंय कधी?

जोल्दोश : नाही. कधीच नाही. उलट आपा तिला फार जपायची.

दारिका : का जपायची?

जोल्दोश : मला काय माहीत का?

दारिका : ...बरं. तुम्ही निघा आता. नियम आहे. मला काही सांगता येणार नाही.

जोल्दोश : आँ? आत्तापर्यंत पोपटासारख्या बोलत होतात. एकदम चेहरा का उतरला? कुठेतरी पाणी मुरतंय. मला दिसतंय ना!

दारिका : काही मुरत नाहीये.

जोल्दोश : मग माझ्याकडं बघून सांगा. नाही बघवत? घोडं आडवं झालं की आधी डोळा फिरवतं, तसं चाललंय तुमचं.

दारिका : तुम्हाला सांगितलं तर माझं काय होईल, कल्पना आहे का? दहा वर्षं या एका लेखावर उभी आहे मी. ही खोली, ही यंत्रं, सोमवारचं मतदान. आणि तुम्ही खरोखर त्या तुर्सुनालीएवचे असलात, तर आज संध्याकाळी त्याच्या घरी बकरं कापतील!

जोल्दोश : माझ्या घरी आई मरतेय! तुमचं बकरं गेलं खड्ड्यात!

दारिका : ...आमच्या शेजारी एक पोर होतं. स्वतःच्या बापाला 'दादा' म्हणायचं आणि आजोबांना 'बाबा'. थोरला नातू म्हातारा-म्हातारीला द्यायचा, हा आपला रिवाज. तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या गावात नाही का असं कुणी?

जोल्दोश : खंडीभर आहेत. आमच्या शेजारचा तालाय तसाच. सगळ्यांना ठाऊक, फक्त... फक्त तालायला उशिरा कळलं.

दारिका : हं.

जोल्दोश : काय हं? नाही. नाही हो. माझं तसं असतं तर मला कुणीतरी बोललं असतं.

दारिका : कोण बोलणार? ते दोघं हयात असेपर्यंत? त्यांच्या तोंडावर?

जोल्दोश : तुम्ही रचून सांगताय. म्हातारी मरतेय, पोराला जरा बरं वाटावं, जाऊ दे बिचारा, म्हणून.

दारिका : रचायचंच असतं तर माझ्या फायद्याचं रचलं असतं ना? ऐका. आजोबाचं रक्त नातवाशी जुळतं, पण बापासारखं प्रत्येक ठिकाणी नाही. तुमचं तसंच होतं. अर्धवट जुळत होतं. म्हणून आम्ही धरून चाललो की बाप दुसरा, पण घरातलाच.

जोल्दोश : घरातलाच.

दारिका : घरातलाच होता. मेंढरं घेऊन वर गेला होता.

जोल्दोश : बाइके?

दारिका : मला तरी दुसरं काही दिसत नाही.

जोल्दोश : बाइकेनं मला खोगिरावर बसवलं. मी पडलो तेव्हा मला उचलायला धावला आणि मध्येच थांबला. आपाच आली उचलायला. मला वाटायचं, हा काय दगड आहे! ...पण मग तुम्ही किर्गिझ ना? परक्या देशातली बाई असती तर समजलो असतो. तुम्हाला हे सुचलं कसं नाही?

दारिका : सुचलं नाही असं नाही, विचारलं नाही. माझ्याबरोबर नॉर्वेची एक बाई होती. ती म्हणत होती, प्रत्येक म्हातारीला सरळ विचारू या, हा मुलगा तुम्हीच जन्माला घातलात का. मी तो प्रश्न काढून टाकला. तिला म्हटलं, पांढऱ्या केसांची बाई, आपल्याला चहा ओततेय, पोरगं तिच्या बाजूला बसलंय, आणि तिला हे विचारायचं? आपल्यात जीभ झडेल! तिनं ऐकलं, कारण मी घरची. पुढं त्या लेखाचं कौतुकही झालं, माणसांचा मान राखून काम केलं म्हणून.

जोल्दोश : मान राखलात आणि मान कापलीत.

दारिका : बोला. बोलायचा अधिकार आहे तुमचा. मी विचारत होते, 'तुझा बाप कोण?' तुमच्यासारख्यानं आजोबाचं नाव सांगितलं, आणि ते खरंच सांगितलं. खोटं कुणीच बोललं नाही.

जोल्दोश : मग माझे सात बाप, सात पिढ्यांचे? लहानपणी पाहुण्यांसमोर उभं करून सातही नावं म्हणून घ्यायचे माझ्याकडून. ती चुकीची?

दारिका : चुकीची नाहीत. सुरुवातीला एक वाढला.

जोल्दोश : आणि ही आकृती तीन?

दारिका : ही चूक आहे. आणि तुमचं एकच घर तसं असेल असं मला वाटत नाही. पाचातला एक... किती घरं, किती बायका! देवा रे! आजच नियतकालिकाला लिहिते, हा भाग मागे घेते. यकृताचं खरं आहे, ते राहील. हे जाईल.

जोल्दोश : सोमवारच्या आधी?

दारिका : सोमवारनंतर लिहिलं तर मी रोज आरशात तुर्सुनालीएवच बघेन.

जोल्दोश : तरी माझा विश्वास बसत नाही. तीन महिने मी एकाच वाक्यावर विश्वास ठेवला, तेही तुमचंच होतं. आता हेही तुमचंच.

दारिका : बरोबर आहे. बाइकेचं रक्त आणा, तपासून देते. दहा-बारा दिवस लागतील.

जोल्दोश : आपा तेवढी थांबायची नाही.

दारिका : मग फोन तुमच्यासमोर पडलाय. ज्या बाईला ठाऊक आहे तिला विचारा. मी बाहेर जाते.

जोल्दोश : नको, बसा. आवाज मोठा ठेवतो. ती टाळायला लागली तर मला कळणार नाही. तुम्हाला कळेल.

(जोल्दोश फोन लावून टेबलावर ठेवतो.)

जेने : धाकटे? अहो, आहात कुठे? आपा दाराकडं बघत पडल्यात. गाडी वाजली की मान वळवतात.

जोल्दोश : जेने, खिंडीत बर्फ आहे?

जेने : सकाळी होतं, आता वाट मोकळी झालीय. निघालात का?

जोल्दोश : एक विचारायचंय.

जेने : आल्यावर विचारा हो.

जोल्दोश : आत्ताच. मला पहिलं दूध कुणी पाजलं?

जेने : हे काय विचारता मध्येच?

जोल्दोश : जेने?

जेने : थांबा. घरात माणसं बसलीत. अंगणात येते. ...कोण बोललं तुम्हाला?

जोल्दोश : कुणी नाही. मीच विचारतोय.

जेने : मी पाजलं. कुरणावर जायची वेळ आली तोवर. मग तुम्हाला आपांच्या मांडीवर दिलं. थोरला होता, त्यांचाच व्हायचा होता. मी एकोणीस वर्षांची, मला कोण विचारतं?

जोल्दोश : छत्तीस वर्षं एकाच गावात! एकदाही बोलली नाहीस तू.

जेने : काय बोलायचं? त्यांनी जिवापाड केलं तुझं. मी केलं असतं त्याहून जास्त केलं. रडले नाही असं नाही. गोठ्यात जाऊन रडायचे.

जोल्दोश : मी आपावर संशय घेतला गं. त्या नर्सच्या कागदावरनं. तीन महिने तिचं तोंड पाहिलं नाही.

जेने : ठाऊक आहे. सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे.

जोल्दोश : तिला?

जेने : तिलाच तर आधी कळलं. बायका येऊन कानाशी सांगून गेल्या.

जोल्दोश : मग ती का नाही बोलली? एका शब्दात सुटली असती! तू तरी बोलायचंस!

जेने : मी निघाले होते तुझ्याकडं. शाल घेतली होती खांद्यावर. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, मला लोक काय म्हणायचं ते म्हणू देत, पण पोरगा माझाच राहू दे.

(जोल्दोश उठून खिशातून गाडीची किल्ली काढतो.)

जेने : ऐकतोयस ना?

जोल्दोश : ऐकतोय. निघतोच. जेने, तुला आता मी काय म्हणू?

जेने : म्हणतोस तेच म्हण, मला त्याची सवय आहे. आणि आत आलास की आधी आपाला हाक मार, जरा मोठ्यानं मार. तिला आता कमी ऐकू येतं.